पातळ पारी आणि डोंगरातली चूल : स्पानाकोपिताचा इतिहास

स्पानाकोपिता हा ग्रीसमध्ये घरोघरी होणारा पदार्थ आहे. गव्हाच्या पिठाच्या, आरपार दिसावे इतक्या पातळ पाऱ्या तेल किंवा लोणी लावून परातीत एकावर एक पसरायच्या, त्यांवर पालक, कांदापात, शेपू आणि खारवलेले फेटा चीज यांचे सारण घालायचे, वरून पुन्हा पाऱ्यांचे थर देऊन ते भट्टीत खरपूस भाजायचे, अशी त्याची रीत असून या पाऱ्यांना ग्रीक लोक ‘फिलो’ आणि थरांच्या भरल्या पदार्थाला ‘पिता’ म्हणतात. जगभरच्या उपाहारगृहांत हा पदार्थ ग्रीसची ओळख म्हणून वाढला जात असला, तरी त्यातील पारी, पाला आणि चीज या तिन्ही घटकांचे इतिहास वेगवेगळे आहेत, आणि त्यांतला एकही पूर्णपणे ग्रीसच्या आजच्या सीमांत मावत नाही. हे तिन्ही इतिहास जिथे एकमेकांत मिसळले, ती जागा म्हणजे वायव्य ग्रीसमधील एपिरस प्रांतातल्या आणि त्याला लागून असलेल्या पिंडस पर्वतरांगेतल्या मेंढपाळांची आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांची घरे होत. या पदार्थाचे मर्म त्याच्या जिन्नसांपेक्षा पारी पातळ लाटण्याच्या कसबात आहे, आणि त्या कसबाचा अर्थ राजवाड्यात एक तर डोंगरात अगदी दुसरा होता, हे लक्षात घेतल्याखेरीज त्याचा इतिहास नीट उलगडत नाही.

पिठाचे थर आणि त्यांमध्ये चीज, या कल्पनेचा सर्वांत जुना सविस्तर लेखी पुरावा ग्रीक भाषेत नसून लॅटिन भाषेत आहे. रोमन मुत्सद्दी थोरला कॅटो याने इ. स. पूर्व 160 च्या सुमारास शेतीवर जो ग्रंथ लिहिला, त्यात ‘प्लासेंटा’ नावाच्या पदार्थाची कृती मापांसह दिली आहे. तळाच्या जाड पोळीसाठी 2 पौंड पीठ, आतल्या पातळ थरांसाठी 4 पौंड पीठ आणि 2 पौंड भरड, मेंढीच्या दुधाचे ताजे चीज 14 पौंड आणि मध साडेचार पौंड असे त्याचे प्रमाण आहे. चीज पाण्यात भिजत घालून ते पाणी तीनदा बदलावे, मग ते पिळून कोरडे करून मधात मळावे, तळपोळीखाली तेल लावलेली तमालवर्गीय लॉरेलची पाने पसरावीत, थरावर थर रचावेत आणि शेवटी सगळ्यावर तापलेले भांडे पालथे घालून त्याच्या वर आणि भोवती निखारे ठेवावेत, असे तो सांगतो. या पदार्थाचे नाव ग्रीक ‘प्लाकूस’ या चपट्या भाजीव पदार्थावरून आले असून, इ. स. 200 च्या सुमारास इजिप्तमधील नौक्रातिस येथील आथेनाइओस या ग्रीक लेखकाने आपल्या भोजनविषयक बृहद्ग्रंथात प्लाकूसचे अनेक प्रकार नोंदवले आहेत. कॅटोच्या कृतीतले थर आजच्या फिलोइतके पातळ नव्हते आणि तो पदार्थ गोड होता, ही गोष्ट खरी. मात्र पालथ्या भांड्याखाली, वरून निखाऱ्यांची धग देऊन भाजण्याची त्याने सांगितलेली रीत पिंडसच्या खेड्यांत विसाव्या शतकापर्यंत जशीच्या तशी चालू होती.

पारी पातळ लाटण्याचे तंत्र मात्र कोठून आले, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. एका पक्षाच्या मते रोमन प्लासेंटाची परंपरा बायझंटाइन साम्राज्यात, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल ही राजधानी असलेल्या पूर्व रोमन साम्राज्यात टिकून राहिली आणि तिथल्या चीज भरलेल्या प्लाकूसपासून आजची तिरोपिता, म्हणजे केवळ चीजची पिता, उत्क्रांत झाली. दुसरा पक्ष मध्य आशियातील भटक्या तुर्की टोळ्यांकडे बोट दाखवतो. तव्यावर भाजलेल्या पातळ पोळ्यांची चळत करून खाण्याची आवड या टोळ्यांत होती, आणि महमूद अल-काशगरी याने अकराव्या शतकात बगदाद येथे तुर्की बोलींचा जो कोश सिद्ध केला, त्यात घडीच्या भाकरीला जो शब्द दिला आहे, त्याच शब्दाच्या आजच्या रूपाने, म्हणजे ‘युफ्का’ या नावाने, तुर्कस्तानात पातळ पारी ओळखली जाते. खाद्येतिहासकार चार्ल्स पेरी यांनी या पक्षाची मांडणी केली असून, बाकू येथील जाड थरांचा, सुकामेवा भरलेला बाकलावा हा भटक्यांच्या पोळ्यांची चळत आणि इस्तंबूलची अतिपातळ पारी यांमधला दुवा असावा, असे त्यांनी सुचवले आहे. या दोन्ही मतांत एकमेकांना खोडून काढण्यासारखे फारसे काही नाही. थर रचून चीजसह भाजणे ही भूमध्य समुद्राच्या काठची जुनी सवय होती, आणि तो थर अधिकाधिक पातळ करण्याची ओढ पूर्वेकडून आली, असे मानले तर उपलब्ध पुराव्याचा चांगला मेळ बसतो.

ही ओढ कळसाला पोहोचली ती ऑटोमन दरबारात. 1453 मध्ये कॉन्स्टँटिनोपल जिंकल्यावर सुलतान दुसरा मेहमेद याने जो नवा राजवाडा उभारला, त्या तोपकापीच्या मुदपाकखान्याच्या 1473 च्या नोंदींत बाकलाव्याचा उल्लेख सापडतो. पुढे रमजान महिन्याच्या मध्यावर जानिसरी सैनिकांना, म्हणजे सुलतानाच्या खड्या पायदळाला, राजवाड्यातून बाकलाव्याची तबके देण्याचा सोहळा सुरू झाला. दर दहा सैनिकांमागे एक तबक असे आणि सैनिक ती तबके मिरवणुकीने बराकींत नेत. 1826 मध्ये जानिसरी दलच मोडीत काढले गेले, तेव्हा हा सोहळाही संपला. दरबारी पाकशाळेत पारीची पातळाई हे वैभवाचे माप होते, कारण जितके थर अधिक तितके अधिक हात, अधिक वेळ आणि अधिक तूप एका तबकामागे खर्ची पडत असे, आणि तो खर्च परवडणे हीच सत्तेची खूण होती.

योआनिना हे एपिरसचे मुख्य नगर 1430 मध्ये ऑटोमन सत्तेखाली आले आणि 1913 मध्ये ग्रीसच्या राज्यात सामील झाले. या जवळजवळ पाच शतकांच्या काळात नगरांतल्या श्रीमंत घरांमधून दरबारी चालीरीती पसरल्या, तरी डोंगरातले जगणे निराळ्याच नियमांनी चालत होते. व्लाख आणि साराकात्सानी हे मेंढपाळ समाज 23 एप्रिलच्या संत जॉर्जच्या सणाच्या सुमारास आपले कळप घेऊन पिंडसच्या कुरणांत चढत आणि 26 ऑक्टोबरच्या संत दिमित्रिओसच्या सणानंतर थेसालीच्या सपाटीवर किंवा किनाऱ्याकडे उतरत. अशा कुटुंबाच्या बिऱ्हाडात पिठाचे पोते, मेंढ्यांचे दूध आणि त्याचे चीज, थोडे लोणी आणि वाटेत खुडलेला रानपाला एवढ्याच गोष्टी हमखास असत. डोंगरउतारावरच्या लहान तुकड्यांत धान्य बेताचेच पिके, त्यामुळे मूठभर पिठात अख्ख्या कुटुंबाचे जेवण बसवायचे, तर पीठ जितके पातळ पसरेल तितके हवे होते. दरबारात जी पातळाई ऐश्वर्य दाखवण्यासाठी होती, ती इथे पीठ पुरवून वापरण्यासाठी होती. पिताला ताट-वाटी लागत नसे, तिचा तुकडा कापडात बांधून रानात नेता येई, आणि उरलेसुरले चीज, कालचा भात, कोमेजू लागलेली भाजी यांतले काहीही तिच्या पोटात मावत असे.

या घरांतली पारी लाटण्याची पद्धत जवळून पाहण्याजोगी आहे. पीठ, पाणी, मीठ, थोडे ऑलिव्ह तेल आणि चमचाभर व्हिनेगर यांची मऊ कणीक मळून ती झाकून ठेवली जाते, कारण मुरल्यावर गव्हातील ग्लुटेन, म्हणजे कणकेला ताण देणारे प्रथिन, सैलावते आणि लाटताना पारी आखडत नाही. त्यानंतर लिंबाएवढ्या किंवा थोड्या मोठ्या लाट्या करून एकेक लाटी लाकडी फळ्यावर घेतली जाते. लाटणे बोटाएवढे जाड आणि हातभराहून लांब असते. पारी वाढू लागली की ती लाटण्यावर गुंडाळली जाते, दोन्ही तळवे मध्यापासून टोकांकडे सरकवत लाटणे पुढेमागे फिरवले जाते, मग पारी उलगडून, थोडी फिरवून पुन्हा गुंडाळली जाते, आणि दर फेरीला ती चहूबाजूंनी सारखी वाढते. घाई असेल तेव्हा लहान लहान चकत्यांना लोणी लावून त्यांची चळत करायची आणि ती चळत एकदमच लाटून एक मोठी पारी करायची, अशीही रीत आहे. भाजताना लोण्यामुळे तिचे पदर आपोआप सुटतात. मुंबईत समोशाच्या पट्टीसाठी पोळ्यांच्या मध्ये तेल आणि पीठ लावून त्या एकत्र लाटतात आणि तव्यावर शेकून त्यांचे पदर सोडवतात, त्यामागचे तत्त्व हेच आहे. पारी परातीपेक्षा मोठी असल्याने तिच्या कडा बाहेर लोंबतात. सारण भरून झाल्यावर त्या आत वळवून जो जाड, पिळदार काठ केला जातो, त्याला ‘कोथ्रोस’ म्हणतात आणि घरातील मुलांची त्याच्यावर विशेष नजर असते. परात तांब्याची आणि आतून कल्हई केलेली असे, आणि खेडोपाडी फिरणारे कल्हईवाले ठरावीक काळाने येऊन ती उजळून देत. ही परात लोखंडी तिवईवर ठेवून तिच्यावर ‘गास्त्रा’ नावाचे घुमटाकार झाकण ठेवले जाई आणि झाकणावर राख व निखारे पसरले जात. कॅटोच्या पालथ्या भांड्याचीच ही लोखंडी आवृत्ती होय. हे सगळे कसब आईकडून मुलीकडे हातानेच जाई. पारी न फाटता किती पातळ लाटता येते, यावर घरच्या सुनेची पारख होत असे.

सारणातला पालक हा या कथेतला उशिरा आलेला पाहुणा आहे. प्राचीन ग्रीक आणि रोमन लोकांना तो ठाऊक नव्हता. त्याचे मूळ इराणच्या परिसरातले असून, 647 मध्ये नेपाळच्या राजाने तो चीनच्या तांग सम्राटाकडे भेट म्हणून पाठवल्याची नोंद चिनी इतिहासात आहे. पश्चिमेकडे तो अरबांनी नेला, आणि बाराव्या शतकात सेव्हिल येथील कृषिग्रंथकार इब्न अल-अव्वाम याने पालेभाज्यांचा म्होरक्या म्हणून त्याचा गौरव केला. पाल्याची पिता मात्र पालकावर अवलंबून नव्हती. ग्रीक लोक ‘होर्ता’ या एका नावाखाली मोडणाऱ्या रानभाज्या, म्हणजे आंबटचुका, खाजकुयलीसारखी खाज आणणारी पण शिजल्यावर मऊ होणारी नेटल, दुधळ, रानटी बडीशेपेचा पाला अशा नाना वनस्पती, हंगामाप्रमाणे खुडून खात आले आहेत, आणि त्यांची ‘होर्तोपिता’ हीच डोंगरातली रोजची पिता होती. 1941-42 च्या हिवाळ्यात, जर्मनी, इटली आणि बल्गेरिया यांच्या ताब्यात असताना ग्रीसमध्ये भीषण दुष्काळ पडला, तेव्हा अथेन्सच्या आसपासच्या टेकड्यांवर जाऊन लोकांनी याच रानभाज्यांवर दिवस काढले. पालकाचे महत्त्व वाढले ते तो परसात लावता येतो, त्याची पाने निवडायला सोपी असतात आणि बाजारात तो सहज मिळतो म्हणून. महाराष्ट्राच्या बाजारात पालक म्हणून जी भाजी सर्रास विकली जाते, ती बहुतेकदा बीटच्या कुळातली असते आणि इराणी मूळ असलेला पालक विलायती पालक म्हणून वेगळा ओळखला जातो. बीटच्याच जातीतला पाला ग्रीसमध्ये प्राचीन काळापासून खाल्ला जातो आणि पितातही घातला जातो, त्यामुळे मराठी घरात आपल्या नेहमीच्या पालकाची पिता केली, तर ती परंपरेच्या बाहेर जात नाही.

चीजचा इतिहास पालकाच्या कितीतरी आधीचा आहे. होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यात एकाक्ष राक्षस पॉलिफेमस आपल्या गुहेत मेंढ्या-शेळ्या पिळून दूध विरजतो आणि त्याचे गोळे टोपल्यांत निथळत ठेवतो, असे वर्णन येते. फेटा याच परंपरेतले आहे. मेंढीचे दूध, त्यात फार तर 30 टक्के शेळीचे, ‘रेनेट’ म्हणजे कोकराच्या जठरात असणाऱ्या विकराने साकळवतात, निथळून त्याच्या वड्या पाडतात आणि त्या मीठ घातलेल्या पाण्यात निदान दोन महिने मुरवतात. उन्हाळ्यात कुरणांवर होणारे जास्तीचे दूध हिवाळ्यापर्यंत टिकवण्याचा तो मेंढपाळांचा मार्ग होता. डेन्मार्कसारखे देश गाईच्या दुधाचे चीजही याच नावाने विकू लागले, तेव्हा मोठा वाद झाला. 2002 मध्ये युरोपीय संघाने हे नाव ग्रीसच्या ठरावीक प्रदेशांपुरते राखून ठेवले आणि 2005 मध्ये युरोपीय न्यायालयाने तो निर्णय कायम केला.

तरीही वर्षातले बरेच दिवस पितात चीज नसे. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती धर्मात बुधवार, शुक्रवार आणि ईस्टरपूर्वीचे सुमारे सात आठवडे असे उपवास पाळले जातात आणि त्या काळात मांस, अंडी, दूध व चीज वर्ज्य असते. तेव्हा पालकाच्या पितात चीजऐवजी मूठभर तांदूळ, भरपूर कांदापात, लीक आणि शेपू घातला जाई; तांदूळ सारणाचे पाणी शोषून घेई आणि तळाची पारी ओली होऊ देत नसे. याउलट, मोठा उपवास सुरू होण्याआधीच्या आठवड्यात मांस बंद होऊनही चीज चालत असल्याने त्या दिवसांत तिरोपितांची चंगळ असे. नव्या वर्षाच्या दिवशी संत वासिलिओसच्या नावाने नाणे दडवलेली पिता कापण्याची प्रथा साऱ्या ग्रीसमध्ये आहे; अथेन्समध्ये ती बहुधा गोड केकसारखी असते, पण एपिरस आणि मॅसिडोनिया या भागांत हे नाणे फिलोच्याच पितात दडवतात. शेतीचा हंगाम, कळपाचे दूध आणि धर्माचे पंचांग या तिन्हींनी मिळून सारण ठरवायचे आणि पारी मात्र बाराही महिने तीच राहायची, अशी ही व्यवस्था होती.

विसाव्या शतकात ती व्यवस्था तीन बाजूंनी बदलली. 1922 मध्ये आशिया मायनरमधील स्मिर्ना शहराचा मोठा भाग आगीत भस्मसात झाला आणि 1923 च्या लोझान येथील करारानुसार तुर्कस्तानातून सुमारे 12 लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये, तर साडेतीन लाखांहून अधिक मुसलमान ग्रीसमधून तुर्कस्तानात हलवले गेले. या निर्वासितांनी आपल्याबरोबर आशिया मायनरच्या नगरांतले पारीचे कारागिरी वळण आणले, आणि थेसालोनिकी व सेरेस येथील ‘बुगात्सा’, म्हणजे चीज किंवा गोड रव्याचे सारण भरून केलेली फिलोची घडी, त्यांच्याच दुकानांतून लोकप्रिय झाली. दुसरीकडे, छापील पाककृतींनी शहरी स्वयंपाकघराला युरोपकडे वळवले. ग्रीसमधले पहिले छापील पाकपुस्तक 1828 मध्ये सिरोस बेटावर निघाले, तेही इटालियनवरून भाषांतरित होते. पुढे निकोलाओस त्सेलेमेंतेस (1878-1958) या आचाऱ्याच्या पुस्तकाने फ्रेंच धर्तीचे सॉस आणि लोण्याच्या घड्या घातलेली पेस्ट्री मध्यमवर्गीय घरांत इतकी रुजवली, की ग्रीक भाषेत त्याचे आडनाव हाच पाकपुस्तकाचा पर्याय होऊन बसला. तिसरी गोष्ट म्हणजे, 1946 ते 1949 या यादवी युद्धात पिंडसची खेडी उद्ध्वस्त झाली आणि त्यानंतर अथेन्स, जर्मनी, अमेरिका व ऑस्ट्रेलियाकडे स्थलांतराचा ओघ लागला. शहरातल्या भाड्याच्या खोलीत ना लांब लाटणे फिरवायला जागा होती, ना गास्त्रासाठी चूल. सुरुवातीला परात गल्लीतल्या बेकरीत भाजायला पाठवली जाई, मग घरात विजेची भट्टी आली, आणि पारी यंत्रावर तयार होऊन थिजवलेल्या स्थितीत खोक्यात मिळू लागली. क्रेट बेटावरच्या रेथिम्नो शहरात आजही कणकेचा गोळा हवेत झेलत, मोठ्या कापडी टेबलावर फुग्यासारखा फुलवत हाताने पारी ताणणारी कार्यशाळा आहे, पण अशी ठिकाणे आता मोजकीच उरली आहेत. पातळ पोळ्यांच्या याच कुळातील लवाश आणि युफ्का यांच्या परंपरेला युनेस्कोने 2016 मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, ते अझरबैजान, इराण, कझाकस्तान, किर्गिझस्तान आणि तुर्कस्तान या देशांच्या संयुक्त प्रस्तावावरून.

आज घरी स्पानाकोपिता करणाऱ्याला इतिहासाचे हे सारे थर स्वयंपाकाच्या ओट्यावरच भेटतात. विकतची पारी वापरायची, तर ती रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून हळूहळू मऊ करावी लागते आणि ओल्या फडक्याखाली झाकून एकेक काढावी लागते, कारण उघडी पडल्यास काही मिनिटांतच ती कडक होऊन तुटते. प्रत्येक थराला तेल किंवा लोणी लावले, की भाजताना आतली वाफ थरांना एकमेकांपासून उचलून धरते. पालकाला मीठ चोळून किंवा तो वाफवून घट्ट पिळला नाही, तर तळ ओला राहतो, आणि भाजण्यापूर्वीच वरच्या थरांना सुरीने चिरा दिल्या नाहीत, तर भाजल्यावर कापताना त्यांचा चुरा होतो. लांब पट्टीच्या टोकावर सारण ठेवून त्रिकोणी घड्या घालत नेल्या, की लहान ‘स्पानाकोपिताकिया’ होतात. फेटाच्या जागी पनीर घेतले, तर चव बदलते, कारण पनीर आंबट घालून फाडलेले आणि अळणी असते, तर फेटा रेनेटने साकळवून मिठाच्या पाण्यात मुरवलेले. मुंबई आणि सुरतेच्या पारशी घरांत रेनेटनेच होणारे, खारट निवळीत ठेवलेले टोपली पनीर त्या मानाने फेटाच्या बरेच जवळ जाते. शेपू आणि कांदापात तर मराठी मंडईत बारमाही मिळतात.

या पदार्थावर कोणत्या राष्ट्राचा हक्क, हा वाद त्याच्या इतिहासापुढे फारसा टिकत नाही. रोमन ग्रंथातली निखाऱ्यांची रीत, मध्य आशियातून आलेली पातळ पारीची ओढ, इराणचा पालक आणि पिंडसच्या कुरणांतले चीज यांना एका परातीत आणण्याचे श्रेय कोणत्याही दरबाराला किंवा पाकपुस्तकाला नसून, अपुरे पीठ सगळ्यांना पुरवणाऱ्या डोंगरातल्या बायकांना आहे. त्यांची नावे कोणत्याही नोंदीत नाहीत, आणि त्यांचे कसब कागदावर उतरलेले नसल्यामुळे ते हातांतून सुटले, की कायमचे सुटते. यंत्राची पारी सोयीची आहे आणि तिच्यामुळेच हा पदार्थ दूरदेशी पोहोचला, हे मान्य करूनही असे म्हणावे लागते, की ज्या घरात अधूनमधून का होईना कणीक मळून, ती मुरू देऊन, लांब लाटण्यावर पारी गुंडाळली जाते, त्याच घरात या पदार्थाचा इतिहास पुढच्या पिढीच्या हाती जातो. त्यासाठी लागणारे पीठ, पाणी, मीठ, तेल आणि वेळ यांपैकी फक्त शेवटची गोष्टच आज दुर्मिळ आहे, आणि तीही ठरवले तर काढता येते.